फ्रान्सचं ‘लोकप्रिय’ दैनिक नेमकं कुठे शोधायचं? सन आणि ल पारिझियें ही जोडी जुळत नाही

तिसरा कॉलम (धागाकर्ता)

फ्रेंचच्या वर्गांत आणि पत्रकारितेच्या अभ्यासक्रमांत एक ठरलेला स्वाध्याय असतो. चार रकाने आखायचे: ब्रिटनचा दर्जेदार पेपर, ब्रिटनचा लोकप्रिय पेपर, फ्रान्सचा दर्जेदार, फ्रान्सचा लोकप्रिय. पहिल्यात टाइम्स, दुसऱ्यात सन, तिसऱ्यात ल मोंद. चौथ्यासाठी काही सुचत नाही, म्हणून ल पारिझियें. आणि शेवटी ‘फ्रेंच लोकप्रिय पेपर ब्रिटिशांपेक्षा सभ्य असतात’ हा निष्कर्ष. माझ्या मते चौथा रकाना चुकीचा भरला की हाच निष्कर्ष निघणार, दुसरं काही निघूच शकत नाही.

ल पारिझियें चाळून बघा. गुन्हेगारी आहे, फुटबॉल आहे, पॅरिसभोवतीच्या प्रत्येक जिल्ह्याची वेगळी पानं आहेत. एक ठरलेली चौकट असते: दिवसाचा एक प्रश्न आणि पाच वाचकांचे पासपोर्टएवढे फोटो, प्रत्येकाखाली नाव, वय, व्यवसाय, गाव आणि दोन-तीन वाक्यांचं उत्तर. भाषा सोपी. पण कोणाला मत द्यायचं हे हा पेपर सांगत नाही. जानेवारी २०१७ मध्ये अध्यक्षपदाची निवडणूक तोंडावर असताना त्यांनी मतचाचण्या करून घेणंच थांबवलं. आणि सन? ११ एप्रिल १९९२ ला ‘निवडणूक आम्हीच जिंकून दिली’ अशा अर्थाचा मथळा पहिल्या पानावर. पाठिंबा १९९७ मध्ये मजूर पक्षाच्या ब्लेअरना, २००९ मध्ये परत हुजूर पक्षाला, २०२४ मध्ये पुन्हा मजूर पक्षाला. सनला राजकारणात खेळाडू व्हायचं असतं. ल पारिझियेंला तसली हौस नाही. हे दोन वेगळे धंदे आहेत.

मग फ्रान्समध्ये असा पेपर नव्हताच का? होता, आणि ब्रिटनच्या आधी होता. ‘ल पती जुर्नाल’ १८६३ मध्ये एका सूला, म्हणजे पाच सांतीमला निघाला. १८६९ मध्ये पॅरिसजवळच्या पांतँ इथल्या हत्याकांडाच्या बातम्या दिवसामागून दिवस देत त्याने खप ५ लाखांच्या वर नेला. ब्रिटनचा डेली मेल अर्ध्या पेनीला आला तो १८९६ मध्ये. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर पॅरिसचे चार मोठे पेपर मिळून रोज ४० लाखांच्या वर प्रती काढत होते. ‘ल पती पारिझियें’ तर जगात सर्वाधिक खप आपलाच, असं नावाखाली छापायचा.

ही परंपरा मोडली १९४४ मध्ये. जर्मन ताब्यात जे पेपर निघत राहिले त्यांच्यावर मुक्तीनंतर सरसकट बंदी आली. थांबण्याची शेवटची तारीख उत्तरेसाठी जून १९४०, दक्षिणेसाठी २६ नोव्हेंबर १९४२. ल फिगारो ११ नोव्हेंबरलाच थांबला होता, म्हणून वाचला. ‘ल ताँ’ हे दर्जेदार दैनिक मुदतीनंतर तीन दिवसांनी थांबलं आणि गेलं. त्याच्या इमारतीत आणि यंत्रांवर ल मोंद उभा राहिला. पती पारिझियेंच्या जागेत ‘ल पारिझियें लिबेरे’ आला, तोच आजचा ल पारिझियें. पण नव्या पेपरांना जुना वाचक आपोआप मिळाला नाही. पॅरिसचे पेपर बंद किंवा लंगडे होते तेव्हा रेन, लील, लियों, बोर्दो इथल्या दैनिकांनी तो घेतला, आणि सोडला नाही. आज फ्रान्समधलं सर्वाधिक खपाचं दैनिक पॅरिसचं नाहीच, ते रेनचं ‘उएस्त-फ्रांस’ आहे: ६ लाखांच्या आसपास प्रती, पन्नासेक आवृत्त्या. लोकमत किंवा सकाळची जिल्हा पानं वाचणाऱ्याला हा साचा लगेच ओळखू येईल.

चौथ्या रकान्यात म्हणून एक नाव घालू नये. प्रादेशिक दैनिक, क्रीडा दैनिक लेकीप, आणि पारी माच, व्वासी, क्लोजर, इसी पारी ही साप्ताहिकं, एवढं सगळं मिळून सनचं काम फ्रान्समध्ये होतं.

---

वाकडी मान

इतिहास ठीक. पण १९४४ वर सगळं ढकलून तुम्ही खरं कारण बाजूला ठेवलंत. कारण आहे कायदा.

फ्रेंच नागरी संहितेत १७ जुलै १९७० च्या कायद्याने कलम ९ आलं: प्रत्येकाला खासगी आयुष्याचा आदर मिळण्याचा हक्क. वाक्य एवढंसंच, पण न्यायाधीश थेट त्यावर भरपाई देतो. बातमी खरी होती हा बचावच चालत नाही. १९९३ मध्ये त्याच्या शेजारी निर्दोषत्वाच्या गृहीतकाचं कलम ९-१ बसलं. जून २००० च्या कायद्याने दोषी न ठरलेल्या माणसाचा बेड्यांमधला फोटो त्याच्या संमतीशिवाय छापायला मनाई केली. मे २०११ मध्ये नाणेनिधीचे फ्रेंच प्रमुख स्ट्रॉस-कान लैंगिक अत्याचाराच्या आरोपाखाली अटक होऊन बेड्यांत न्यूयॉर्क पोलिसांबरोबर बाहेर येतानाची दृश्यं जगभर दिसली तेव्हा फ्रेंच वाहिन्यांना त्यांच्या नियामकाने संयम पाळायला सांगितलं ते याच कायद्यावर बोट ठेवून.

ब्रिटनमध्ये खासगीपणाचा स्वतंत्र कायदा आजही नाही. मानवी हक्क कायदा लागू झाल्यावर गोपनीयता-भंगाच्या जुन्या तत्त्वातून न्यायालयांनी तो घडवला, आणि त्यातला मोठा निकाल मॉडेल नाओमी कॅम्पबेल विरुद्ध मिरर हा पेपर, २००४ चा. सन आणि त्याच मालकाचा रविवारचा पेपर न्यूज ऑफ द वर्ल्ड यांनी ऐन भराची वर्षं या पोकळीत काढली. ती पोकळी पॅरिसमध्ये नव्हती, म्हणून सनही नव्हता.

---

नाक्यावरचा

@वाकडी मान, कायद्याने थांबलं असतं तर नामवंतांच्या खासगी आयुष्यावर चालणारा व्वासी १९८७ मध्ये निघालाच नसता.

जानेवारी २०१४, क्लोजर: अध्यक्ष ओलांद स्कूटरवरून अभिनेत्रीला भेटायला जातात, फोटोंसकट. तिने दावा लावला, भरपाई मिळाली १५ हजार युरो. केट मिडलटनच्या २०१२ च्या फोटोंचा निकाल २०१७ मध्ये लागला: दोघा पतिपत्नींना मिळून १ लाख युरो, आणि संपादक व प्रकाशक कंपनीचे प्रमुख यांना प्रत्येकी ४५ हजारांचा दंड. हे फ्रान्सच्या मानाने चढे आकडे. तरीही अशा अंकाच्या खपापुढे ही रक्कम म्हणजे छपाईच्या बिलातली आणखी एक ओळ. उलट कॅम्पबेलबाईंना भरपाई मिळाली फक्त साडेतीन हजार पाउंड, पण मिररकडे आलेली कोर्टखर्चाची मागणी १० लाख पाउंडांच्या वर होती! दुखतं कोणाला, सांगा.

खरं कारण पैसा. फ्रान्समध्ये राष्ट्रीय दैनिक छापणं आणि पोचवणं महाग. पॅरिसच्या छापखान्यांत छपाई-कामगारांची संघटना माणसं कोण आणि किती हे ठरवत आली. १९७५ मध्ये ल पारिझियें लिबेरेचे मालक अमोरी यांनी ते मोडायला घेतलं आणि संप दोन वर्षांच्या वर चालला, खप कोसळला. लंडनमध्ये सन आणि टाइम्सचे मालक मर्डॉकनी तेच १९८६ मध्ये वॉपिंगच्या नव्या छापखान्यात केलं आणि साधारण वर्षभरात जिंकले. त्या बचतीतून १९९३ मध्ये टाइम्सची किंमत ४५ पेन्सवरून ३० वर आणि पुढच्या वर्षी २० वर आणता आली. दर्जेदार पेपर लोकप्रिय पेपरच्या भावात! त्यात प्रतिस्पर्धी इंडिपेंडंटची हाडं खिळखिळी झाली.

जर्मनीच्या श्प्रिंगर कंपनीला फ्रान्समध्ये ‘बिल्ड’ या आपल्या लोकप्रिय दैनिकासारखा पेपर काढायचा होता. २००७ मध्ये त्यांनी योजना गुंडाळली. हिशेब होता तो छपाई आणि वितरणाचा.

---

सौ. चिकित्सक

तिघांच्याही बोलण्यात एक गृहीत धरलेलं दिसतं: लोकप्रिय म्हणजे बेजबाबदार, दर्जेदार म्हणजे जबाबदार, आणि वाद फक्त फ्रान्समध्ये बेजबाबदार कमी का एवढाच. मला हे मान्य नाही.

१४ फेब्रुवारी १९९७ चा डेली मेल घ्या. स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाचा १९९३ मध्ये लंडनमध्ये खून झाला होता, खटले फसले होते. मेलने पहिल्या पानावर पाच संशयितांचे फोटो आणि वर एकच शब्द छापला: खुनी. खाली ओळ, आम्ही चुकत असलो तर आमच्यावर दावा लावा. कोणी लावला नाही. २०१२ मध्ये त्यातले दोघे दोषी ठरले. हे पान पॅरिसमध्ये त्याच दिवशी कलम ९-१ खाली न्यायालयात गेलं असतं. मेल हा उजव्या मतांच्या मध्यमवर्गाचा पेपर आहे हे लक्षात घेतलं तर ते आणखी मोठं वाटतं.

आता फ्रान्सचा ‘दर्जा’. ऑक्टोबर १९८४ मध्ये व्होज भागातल्या नदीत चार वर्षांच्या ग्रेगरीचा मृतदेह सापडला. पुढे तपासाची वाट लावण्यात साप्ताहिकं, रेडिओ सगळे होते, ते सर्वांना माहीत आहे. पण १७ जुलै १९८५ ला मुलाच्या आईनेच खून केला असं धरून चालणारा, वर त्या कल्पित कृत्यात उदात्तता शोधणारा मजकूर कुठे आला? लिबेरास्यों या दर्जेदार दैनिकात. लेखिका, नामवंत कादंबरीकार मार्गरित द्युरास. त्या आईला १९९३ मध्ये न्यायालयाने पूर्ण मोकळं केलं. सनच्या उपसंपादकाने असं केलं असतं तर आपण त्याला गटारगंगा म्हटलं असतं. द्युरास यांनी केल्यामुळे ते ‘साहित्यिक हस्तक्षेप’ झालं.

आणि वाकडी मान, त्या कलम ९ च्या सावलीत काय वाढलं तेही बघा. अध्यक्ष मितराँ यांना विवाहबाह्य मुलगी आहे हे पॅरिसच्या पत्रकारांना वर्षानुवर्षं ठाऊक होतं. नोव्हेंबर १९९४ मध्ये पारी माचने फोटो छापेपर्यंत वाचकाला कळलं नाही. तो एक वेळ खासगी मामला म्हणू. पण स्ट्रॉस-कान यांच्या स्त्रियांशी वागण्याबद्दल २००७ मध्ये उघड लिहिलं ते लिबेरास्योंच्या ब्रुसेल्सच्या प्रतिनिधीने, झाँ कात्रमेर यांनी, आणि तेही ब्लॉगवर. बाकीचे बहुतेक चार वर्षं गप्प.

---

वाकडी मान

@सौ. चिकित्सक, मेलचं ते पान मलाही आवडतं, पण एका पानावर नियम बसवू नका. २०१०–११ च्या हिवाळ्यात ब्रिस्टलला एका तरुणीचा खून झाला, पोलिसांनी तिच्या घरमालकाला पकडलं. निवृत्त शिक्षक, केस विचित्र रंगाचे, झालं! आठ पेपरांनी त्याला जवळपास दोषी ठरवून टाकलं. खुनी दुसराच निघाला. आठही पेपरांनी भरपाई दिली, शिवाय न्यायालयाच्या अवमानाबद्दल मिररला ५० हजार आणि सनला १८ हजार पाउंड दंड. पद्धत मेलचीच: नाव, फोटो, ठसठशीत मथळा. एकदा नेम बसला, एकदा चुकला. निर्दोषत्वाचं कलम असतं ते या चुकलेल्या नेमासाठी. १९८९ च्या हिल्सबरो फुटबॉल मैदानावरच्या चेंगराचेंगरीबद्दल सनने जे छापलं ते तर मी काढतही नाही. लिव्हरपूलमध्ये तो पेपर अजून लोक घेत नाहीत.

---

पानपूरक

तुम्ही सगळे उदाहरणांची फेकाफेक करताय. स्वाध्याय करायचाच असेल तर मोजून करा, आणि मोजताना नेहमी कुठे गाडी घसरते ते सांगतो.

१. तारीख. ल मोंद पॅरिसमध्ये दुपारी येतो आणि त्यावर उद्याची तारीख असते. सोमवारी दुपारी घेतलेल्या अंकावर मंगळवार लिहिलेलं असतं. तुम्ही ‘मंगळवार’ बघून मंगळवारचा टाइम्स शेजारी ठेवलात तर टाइम्सकडे जवळजवळ एका रात्रीच्या जास्तीच्या बातम्या असतात, आणि ल मोंद ‘ताज्या घटनेकडे दुर्लक्ष करतो’ असा चुकीचा शेरा पडतो. मंगळवार तारखेचा ल मोंद मंगळवार सकाळच्या पेपरांशी लावायचा असेल तर हा फरक लिहून ठेवा, नाहीतर दोन दिवसांच्या मोठ्या बातम्या एकत्र बघा.

२. वार. रविवार घेऊ नका. ब्रिटनमध्ये संडे टाइम्स, ऑब्झर्व्हर हे वेगळी परंपरा असलेले पेपर आहेत. ल मोंद रविवार-सोमवारचा एकच अंक शनिवारी काढतो. मंगळवार ते गुरुवार सुरक्षित.

३. आकार. ‘मोठं पान म्हणजे दर्जेदार’ हे तर फ्रान्समध्ये कधीच खरं नव्हतं. लिबेरास्यों १९७३ पासून लहान आकारात. ल मोंद बर्लिनर, म्हणजे ४७० बाय ३१५ मिलिमीटर. गार्डियनने २००५ मध्ये बर्लिनरसाठी नवी यंत्रं घेतली, ८ कोटी पाउंडांच्या घरात खर्च झाला, आणि २०१८ मध्ये टॅब्लॉइड आकारात गेला. टाइम्स २००४ पासून लहान. मोठ्या पानावर टिकलेत ते टेलिग्राफ आणि गुलाबी फायनान्शियल टाइम्स. म्हणून चौरस सेंटिमीटर कधीच थेट ताडू नका. आधी पानाचं एकूण क्षेत्रफळ काढा, मग फोटो, मथळा, मजकूर, जाहिरात यांचे टक्के. कागदावर पट्टी लावून मोजा. पीडीएफवर मोजणारे दरवेळी झूम बदलतात आणि आकडे जुळत नाहीत.

४. मथळ्यातले शब्द. मोजा, पण दोन भाषांची तुलना त्यावरून करू नका. फ्रेंच मथळा आर्टिकलं आणि अव्ययं ठेवतो, इंग्रजी गाळतो. एकाच भाषेतले दोन पेपर ताडायला हे माप चांगलं.

५. इंट्रो. माझ्या मते सगळ्यात बोलकं माप. पहिल्या परिच्छेदात माणूस कसा येतो ते बघा. ब्रिटिश लोकप्रिय पेपर वय आणि नातं आधी सांगतो: दोन मुलांची आई, ३४. ल पारिझियें बहुतेकदा व्यवसाय आणि गाव सांगतो. ल मोंद माणसाऐवजी संस्थेपासून सुरुवात करतो: मंत्रालय, आयोग, न्यायालय. दहा इंट्रो घ्या, पहिल्या नामाखाली रेघ मारा. पुढचं सांगायची गरज पडत नाही.

६. खप. ‘छापल्या’ आणि ‘विकल्या’ हे फ्रेंच आकड्यांत वेगळे रकाने असतात. विकलेल्या, पैसे देऊन घेतलेल्या प्रतींचा घ्या, आणि त्यात डिजिटल वर्गणी किती ते वेगळं काढा. ल मोंदच्या आजच्या आकड्यात मोठा वाटा डिजिटलचाच. ब्रिटनमध्ये सनने २०२० पासून खप जाहीर करणंच बंद केलं, तेव्हा ताजा सन आणि ताजा ल मोंद असा तक्ता करणारा कुठूनतरी जुना आकडा उचलत असतो.

धागाकर्त्यांचं ‘चौथा रकाना फोडा’ हे पटलं. पण फोडताना लेकीप घातलात तर सनमधून शेवटची क्रीडा पानं कापावी लागतील, नाहीतर एक गोष्ट दोनदा मोजाल.

---

तिसरा कॉलम

@पानपूरक, क्रीडा पानांचा मुद्दा मान्य, तक्त्यात तशी दुरुस्ती करतो.

@नाक्यावरचा, छपाईचा खर्च हे कारण खरं, पण ते १९७० नंतरच्या पडझडीला लागू होतं. फ्रान्स-स्वार हे पॅरिसचं सायंदैनिक संपादक पिएर लाझारेफ यांच्या हाताखाली १९५० च्या दशकात १० लाखांच्या वर खपत होतं, त्याच संघटना, त्याच छापखान्यांत. मग दूरदर्शन आलं आणि संध्याकाळचा पेपर जगभर मेला तसं तेही आटलं. २०११ च्या डिसेंबरात कागदी अंक संपला. पण त्याचा वाचक दुसऱ्या पॅरिसी पेपरकडे गेला नाही, कारण मधल्या काळात सकाळचा पेपर म्हणजे आपल्या जिल्ह्याचा पेपर ही सवय पक्की झाली होती. ब्रिटनमध्ये लंडनची रात्रीची रेल्वे बहुतेक देशभर न्याहारीच्या वेळी गठ्ठे पोचवायची. ल मोंद रेनला दुसऱ्या दिवशी सकाळी.

@सौ. चिकित्सक, उएस्त-फ्रांसकडे गुन्हेगारीच्या बातम्यांसाठी लेखी नियम आहेत. सार असं: सांगा पण इजा करू नका, दाखवा पण धक्का देऊ नका, साक्ष द्या पण अंगावर जाऊ नका, उघड करा पण शिक्षा सुनावू नका. हे फ्रान्सच्या सर्वाधिक खपाच्या पेपरचे नियम आहेत. खप आणि सभ्यता एकत्र नांदू शकतात याचा हा पुरावा, आणि तो चौथ्या रकान्यात ल पारिझियें लिहिणाऱ्याला दिसतच नाही.

---

सौ. चिकित्सक

नियम सुंदर आहेत. पण जिथे वाचक, जाहिरातदार आणि महापौर एकाच गावात राहतात तिथे ‘इजा करू नका’चा अर्थ काय होतो, हे जिल्हा आवृत्तीत काम केलेल्या कोणालाही विचारा. फ्रान्सच्या अनेक भागांत एकच प्रादेशिक दैनिक उरलंय. स्पर्धकच नसेल तर सभ्य राहणं सोपं. अध्यक्षपदाचे उमेदवार फियों यांच्या पत्नीच्या संसदीय पगाराचं प्रकरण जानेवारी २०१७ मध्ये बाहेर काढलं ते ‘ल कानार आंशेने’ या व्यंग्य-साप्ताहिकाने. दर बुधवारी आठ पानं, एकही जाहिरात नाही, काळा आणि लाल रंग, कोपऱ्यांत बदकं. व्यंग्यचित्रं, कोट्या, अध्यक्षांच्या राजवाड्यातल्या कुजबुजी, मांडणीत सगळं ‘हलकं’. तुमच्या कोणत्या रकान्यात जातो हा?

---

नाक्यावरचा

कानार कुठेच बसत नाही, मान्य. पण तसं म्हटलं तर २००९ मध्ये खासदारांच्या खर्चाची बिलं दिवसामागून दिवस हप्त्याहप्त्याने छापणारा टेलिग्राफ त्या महिन्यात मांडणीने पक्का लोकप्रिय पेपर झाला होता. रोज नवे चेहरे, रोज नवे आकडे, एका खासदाराचं बदकांसाठीचं तरंगतं घर! न्यूज ऑफ द वर्ल्डच्या बातमीदारांनी केलेल्या फोन हॅकिंगचं उलट: गार्डियनचे निक डेव्हिस २००९ पासून कंटाळवाण्या चिकाटीने लिहीत होते. जुलै २०११ मध्ये खून झालेल्या शाळकरी मुलीच्या फोनची बातमी आली आणि आठवडाभरात न्यूज ऑफ द वर्ल्डचा शेवटचा अंक निघाला. दोन दर्जेदार पेपर, दोन अगदी वेगळ्या पद्धती. रकाने पेपरचे करण्याऐवजी बातमीचे का करत नाही?

---

पानपूरक

बातमीचे रकाने केलेत तर एका अंकाला दोनशे नोंदी होतील आणि तिसऱ्या दिवशी विद्यार्थी पळून जातील. पेपरचेच ठेवा, पण दोनऐवजी तीन पायऱ्या करा. ब्रिटनमध्ये मधला बाजार म्हणून वेगळा थर आहे, मेल आणि एक्स्प्रेस. त्यांना सनच्या शेजारी बसवणं हीच या स्वाध्यायाची पहिली चूक, फ्रान्सपर्यंत जायचीही गरज नाही. आणि एकदा मधला थर मान्य केलात की ल पारिझियेंला आपोआप जागा मिळते. तो मेलच्या ओळीत बसतो, फक्त मेलची मतं वजा करून.

---

तिसरा कॉलम

मतं वजा केल्यावर मेलमध्ये पानं किती उरतात? २०१६ च्या नोव्हेंबरात ब्रेक्झिटच्या निकालावरून तीन न्यायाधीशांचे फोटो ‘जनतेचे शत्रू’ म्हणून छापणारा पेपर आणि २०१७ च्या निवडणुकीत मतचाचणीसुद्धा न केलेला पेपर एका ओळीत? तीन पायऱ्या मान्य. ल पारिझियें मधल्या पायरीवर, हेही एक वेळ चालेल. पण त्याच्या शेजारी मेल नको, एकट्याला ठेवा.

---

पानपूरक

मग त्या ओळीत ब्रिटनकडचा रकाना रिकामा राहील. राहू दे. तक्त्यात रिकाम्या चौकटी दोन हव्यात, एक ब्रिटनची आणि एक फ्रान्सची. खाली सनच्या समोर फ्रान्सचं दैनिक म्हणून काहीही लिहू नका.